१८,०६४ मधल्या आमच्या दोन खुर्च्या

नवऱ्याच्या लॅपटॉपवर 'वॉरियर्स' नावाची एक एक्सेल शीट अजून आहे. पुसून टाक म्हटलं की म्हणतो, राहू दे, डोळ्यांसमोर असलेली बरी. पाच रकाने: तारीख, विरोधी संघ, मोजले, मिळाले, फरक. शेवटचा रकाना सगळा लाल आहे, दोन ओळी सोडून.

ही शीट २०१९-२०च्या हंगामाची. त्या वर्षी आम्ही एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाच्या दहा सामन्यांची प्रत्येकी दोन तिकिटं घेतली होती. घेतानाच ठरलं होतं की तीन सामने बघायचे, सात विकायचे आणि सातांच्या नफ्यातून तिन्हींचा खर्च काढायचा. म्हणजे एनबीए फुकटात. हे डोकं काही आमचं एकट्याचं नव्हतं. त्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये किमान तीन टेबलांवर हाच हिशोब चालला होता. तेव्हाच शंका यायला हवी होती. जे तिकीट सगळेच विकायला घेतायत ते शेवटी विकत घेणार कोण?

मी मूळची नागपूरची. शाळेत असताना संध्याकाळी शिवाजीनगरच्या मैदानावर बास्केटबॉल खेळायची. उंची पाच फूट दोन इंच, त्यामुळे पॉइंट गार्डशिवाय दुसरी जागा मिळणं शक्यच नव्हतं. २००८ला नोकरीसाठी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आले, आणि वर्षभरात शोध लागला की आपल्या घरापासून बार्टच्या, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेच्या, गाडीने जेमतेम पंचवीस मिनिटांवर एनबीएचा संघ खेळतो.

तेव्हाचा वॉरियर्स म्हणजे काय, हे आत्ताच्या पोरांना सांगून पटत नाही. २००९-१०च्या हंगामात त्यांनी २६ सामने जिंकले आणि ५६ हरले. पुढे संघाचा सर्वात मोठा तारा झालेल्या स्टीफन करीचं ते पहिलंच वर्ष, दिसायला कॉलेजातून थेट उचलून आणल्यासारखा. ओकलंडच्या कोलिझियम स्टेशनवर उतरलं की रेल्वे ओलांडणारा एक लांबलचक पादचारी पूल लागायचा. त्या पुलावर बेकन गुंडाळलेले हॉटडॉग परतणाऱ्या बाया, टोप्या-टीशर्ट विकणारे, आणि मधोमध "तिकीट, तिकीट, कुणाला तिकीट" करत उभे असलेले ब्लॅकवाले. सीताबर्डीत टॉकीजबाहेर उभे असायचे तसेच. खेळ सुरू व्हायला दहा मिनिटं उरली की भाव कोसळायचा. मी एकदा पंधरा डॉलरला वरच्या मजल्यावरचं तिकीट घेतलेलं आठवतं. आत संघ हरत असायचा आणि लोक तरीही बेंबीच्या देठापासून ओरडत असायचे. तिथल्या आवाजामुळे ओरॅकल अरिनाला लोक 'रोरॅकल' म्हणायचे, म्हणजे डरकाळीघर. हरणाऱ्या संघाचं डरकाळीघर! मला तर ते लगेच आपलं वाटलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०१०मध्ये जो लेकब आणि पीटर गुबर यांनी संघ ४५ कोटी डॉलरला विकत घेतला. मग २०१५, २०१७, २०१८ अशी तीन विजेतेपदं आली, सलग पाच वर्षं अंतिम फेरी. तेवढ्या काळात आम्ही अरिनाच्या आत पाऊल टाकलं नाही. पंधरा डॉलरची ती खुर्ची कुठल्या कुठे गेली. आम्ही घरी टीव्हीसमोर भडंग खात करीचे तीन-तीन गुणांचे फटके बघायचो आणि "हा आपण पंधरा डॉलरमध्ये बघितलाय" हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो.

२०१९मध्ये संघ ओकलंड सोडून खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला. नवं अरिना म्हणजे चेस सेंटर. सरकारी पैसा न घेता, मालकांनी सुमारे १४० कोटी डॉलर घालून उभं केलेलं. आसनक्षमता १८,०६४. ओकलंडला १९,५९६ होती, म्हणजे नवं घर मोठं नाही, उलट दीड हजार खुर्च्या कमी. पैसा खुर्च्यांच्या संख्येत नव्हता, एकेका खुर्चीत होता. पूर्ण हंगामाची तिकिटं हवी असतील तर आधी सदस्यत्वाची एकरकमी फी भरायची. ती फी ३० वर्षांनी परत मिळणार, व्याजाशिवाय. त्या बदल्यात ३० वर्षं तुमची खुर्ची तुमची. तिकिटांचे पैसे दरवर्षी वेगळे, ते भरायचेच. हे ऐकून माझे बाबा फोनवर म्हणाले, "एलआयसीवाला निदान बोनस तरी देतो गं."

ती फी आम्ही भरली नाही, ऐपतही नव्हती. माझ्या टीममधला एक हैदराबादचा सहकारी ओकलंडच्या दिवसांपासून दोन खुर्च्या धरून होता. त्याने फी भरली, आणि ४१ घरचे सामने एकट्याला झेपणार नाहीत म्हणून तीन घरांना वाटेकरी करून घेतलं. त्याने स्वतःला अकरा ठेवले, बाकी आम्हा तिघांना दहा-दहा. मोठ्या संघांविरुद्धची तिकिटं महाग, बाकीची स्वस्त, असा भाव होता. पण चौघांत भांडण नको म्हणून सरासरी काढून तिकिटाला सरसकट १२० डॉलर धरले. वीस तिकिटं, २,४०० डॉलर. तेव्हाच्या भावाने पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. वरचा मजला बरं का, खालचा नाही. खालच्या मजल्याचे भाव मी कुतूहलापोटी एकदाच बघितले.

वाटणी ऑगस्टमधल्या एका रविवारी आमच्या दिवाणखान्यात झाली. एका स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, बाजूला चिवडा आणि चहा. आम्ही एप्रिलचे सामने नको म्हटलं, कारण एप्रिलमध्ये नागपूरला चुलत भावाचं लग्न होतं. माझ्या हाताला लेकर्सविरुद्धचा २७ फेब्रुवारीचा सामना लागला तेव्हा बाकीच्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. नंतर ब्रुकलिन नेट्सविरुद्धचा १२ मार्चचाही लागला. केविन ड्युरँट वॉरियर्स सोडून नेट्सकडे गेला होता. टाचेच्या दुखापतीमुळे तो वर्षभर खेळणार नव्हता, पण नुसता कोट घालून बेंचवर बसला असता तरी त्याला बघायला गर्दी झाली असती. नवऱ्याने तिथल्या तिथे शीटमध्ये दोन्ही ओळी हिरव्या करून टाकल्या.

धोक्याची घंटा तेव्हाच वाजत होती. ड्युरँट गेलेला. वॉरियर्सच्याच क्ले थॉम्पसनच्या गुडघ्याचा अस्थिबंध जूनमध्ये अंतिम फेरीतच फाटलेला. पण "करी आहे ना" या तीन शब्दांवर चार घरांनी जवळपास दहा हजार डॉलरच्या आशा बांधल्या होत्या.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक गंमत झाली. मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे दोन सामने झाले, ४ आणि ५ ऑक्टोबरला. भारतातले पहिलेच. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे; एके काळी वॉरियर्सचेही भागीदार होते. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळा हॉल शाळेच्या मुलांनी भरला होता, तीन हजारांवर पोरं. त्यात माझी भाची होती, शाळेच्या संघातली. बहिणीचा फोन आला, "ताई, पोरगी घसा बसवून आलीये. बोलताच येत नाहीये तिला." मग मागून घोगरा आवाज, "मावशी, ओव्हरटाइम झाला! एकाच पॉइंटने!" पेसर्सनी तो सामना १३२-१३१ जिंकला होता. मी विचारलं, तिकीट किती होतं गं? बहीण म्हणाली, "तिकीट कसलं? शाळेने बसमधून नेलं." मी शीटकडे बघितलं आणि विषय बदलला.

आमचा पहिला सामना ३० ऑक्टोबरचा, बुधवार, फिनिक्स सन्सविरुद्ध. ओकलंडला पंचवीस मिनिटांत पोचणारे आम्ही आता, लेकासाठी एक जादा तिकीट काढून, दीड तास आधी निघालो. बार्टने एम्बार्काडेरो, तिथून मुनीची, म्हणजे शहराच्या वाहतूक सेवेची, ट्राम. सामन्याचं तिकीट दाखवलं की मुनीचा प्रवास फुकट, हे मात्र बरं होतं. १२० डॉलरमध्ये ट्रामचं भाडं धरलेलं, असं नऊ वर्षांच्या लेकाला समजावून सांगितलं. पूल नाही, हॉटडॉगवाल्या बाया नाहीत, ब्लॅकवाले नाहीत. सगळे ब्लॅकवाले आता फोनच्या आत गेले होते, आणि त्यांच्यातले आम्ही एक.

आतलं घर देखणं आहे, यात वाद नाही. कोर्टावर टांगलेला पडदा एवढा मोठा की मान खाली घालायचं भान राहत नाही. पण बसल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. खेळ सुरू झाला तरी खालच्या मजल्यावर मोकळ्या खुर्च्यांच्या पट्ट्याच्या पट्ट्या. वाटलं, लोक ट्रॅफिकमध्ये अडकले असतील. नंतर कळलं की कोर्टाच्या खाली तळघरात श्रीमंतांसाठी खास बैठकीच्या खोल्या आहेत. तिथे सोफे आहेत, खाणंपिणं आहे, टीव्ही आहे, फक्त कोर्ट दिसत नाही. म्हणजे घरून निघायचं, दोन तास ट्रॅफिकमध्ये घालवायचे, आणि आत येऊन सामना टीव्हीवर बघायचा. आम्ही तेच भडंग खात घरी करत होतो.

सन्स सुरुवातीपासूनच खूप पुढे होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये करी बास्केटकडे झेपावला, अडखळून पडला, आणि सन्सचा अगडबंब आरन बेन्स त्याच्यावर पडला. करी उठला तो डावा हात छातीशी धरून. वरून आम्हाला हात नीट दिसत नव्हता, पण मोठ्या पडद्यावर पुन्हा दाखवलं तेव्हा सगळं अरिना एकदम "स्स्" करून श्वास आत घेतं तसं झालं. त्या संध्याकाळी अठरा हजार माणसांनी एकत्र केलेला तो एकच आवाज. करी आत निघून गेला.

माझ्या लेकाचे डोळे भरले होते. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि डावीकडे बघितलं तर नवरा फोनवर. मी म्हटलं, काय बघतोयस? त्याने फोन माझ्याकडे वळवला. तिकीटविक्रीच्या ॲपवर ४ नोव्हेंबरच्या सामन्याची पानंच्या पानं नवी तिकिटं. आमच्याच विभागातली, आमच्याच रांगांतली. करी अजून ड्रेसिंग रूममध्येही पोचला नसेल, आणि लोकांनी पुढच्या सोमवारची तिकिटं विकायला काढली होती. नवऱ्याने आमची ९५ डॉलरला लावली होती. सर्वात स्वस्त तिकीट आता ७४ वर होतं आणि बघता बघता ७१ झालं.

दोन दिवसांनी करीच्या हातावर शस्त्रक्रिया झाली. किमान तीन महिने तो खेळणार नाही, हे जाहीर झालं.

आता या ॲपवर विकण्याची रीत सांगते, कारण मजा त्यातच आहे. तिकीट तुमच्या फोनमध्ये असतं. 'विका' दाबायचं, भाव टाकायचा. खाली बारीक अक्षरात दिसतं की तुमच्या हातात किती येणार. आमच्या ॲपची दलाली दहा टक्के होती, म्हणजे ७० ला विकलं तर ६३. पण तेच तिकीट घेणाऱ्याला ७० ला दिसत नाही, त्याच्याकडून वेगळी फी घेतात, त्याला ते ८५-८८ ला पडतं. म्हणजे देणाऱ्याला वाटतं कवडीमोलाने गेलं, घेणाऱ्याला वाटतं लुटलं, आणि दोघंही खरे.  मधल्या मध्ये ॲपवाल्याला दोन्हीकडून.

भाव पाडायचा एक नाजूक खेळ असतो. तुम्ही ६८ केलात की दहा मिनिटांत कुणीतरी ६७ करतो. तुम्ही ६६, तो ६५. तो कोण ते कळत नाही; आमच्याच चौघांपैकी एक असावा असा मला दाट संशय होता, पण चहा पिताना विचारायची सोय नव्हती. भाजी मंडईत शेवटच्या तासाला मेथीची जुडी उतरते तसं. फरक एवढाच की मेथी उद्या निदान गाईला घालता येते. तिकीट साडेसातला खेळ सुरू झाला की संपलं.

४ नोव्हेंबरची तिकिटं आम्ही घाबरून ६८ ला सोडली, हातात ६१ आले. त्या सोमवारी पोर्टलंडविरुद्ध एरिक पास्कल नावाच्या नवख्या पोराने, स्वतःच्या वाढदिवशी, ३४ गुण केले आणि वॉरियर्स १२७-११८ असे जिंकले. त्या संपूर्ण हंगामात मनापासून बघावा असा जो काही थोडा खेळ झाला त्यातला तो एक. आमच्या खुर्चीवर बसून तो कुणी बघितला देव जाणे. लेक आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही.

त्यानंतर घसरगुंडी. नोव्हेंबरअखेरचा सामना ३८ ला गेला. डिसेंबरमधला मेम्फिसविरुद्धचा सोमवार ३० वर आणला, २६ वर आणला, कुणी हात लावेना. दुपारी चारला मी वैतागून यादीतून काढला आणि लेकाला म्हटलं, चल, आपणच जाऊ. मेम्फिसचा जा मोरँट त्याच वर्षी एनबीएत आला होता, तो दुखापतीतून परतणार होता. विरोधी संघाच्या पोराला बघायला जावं इतकी वेळ आली होती.

त्या रात्री मी खुर्च्या मोजल्या. आमच्या पुढची रांग चौदा खुर्च्यांची. तीन माणसं. त्यापुढच्या रांगेत पाच. उजवीकडे एक बाई आपल्या कोटाला स्वतंत्र खुर्ची देऊन बसली होती आणि पिशवीला तिसरी. आमच्या शेजारी सत्तरीच्या पुढचे एक आजोबा होते, ओकलंडचा जुना निळा-पिवळा जर्सी शर्ट, धुऊन धुऊन अंक उडालेले. म्हणाले, ओकलंडला त्यांची हंगामाची तिकिटं वीसेक वर्षं होती. सदस्यत्वाच्या फीचं पत्र आलं तेव्हा सोडून दिली. आता घरून निघतानाच फोनवर बघतात, वीसच्या आसपास मिळालं तर येतात. "आजचं २२ ला पडलं, फी धरून," असं म्हणून त्यांनी मला विचारलं, तुमचं? मी नळावर पाणी भरताना कुणी पगार विचारावा तशी इकडेतिकडे बघू लागले. लेकाने इमानदारीत सांगून टाकलं, "१२०." आजोबांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढून त्याला दिली. मला नाही दिली.

पण एक सांगते, त्या रात्री आमच्या विभागात आवाज होता तो त्या आजोबांचाच. पंचांना, स्वतःच्या खेळाडूंना, मोरँटला, सगळ्यांना ते नावानिशी बोलत होते. पूर्ण मोल देऊन खुर्ची घेतलेले गप्प किंवा गैरहजर, आणि फेकलेल्या भावात आलेला माणूस एकटा अरिना सांभाळत होता. ओकलंडच्या पुलावर पंधरा डॉलरला तिकीट घेणारी ती मीच तिथे बसली आहे असं काहीतरी वाटलं. परतताना फ्रीमाँटची थेट गाडी नव्हती, रात्रीची नसायचीच. मध्ये उतरून बदलावी लागली. थंडीत फलाटावर लेक माझ्या मांडीवर झोपला.

जानेवारीतल्या एका मधल्या वारी ते घडलं ज्यासाठी मी हे लिहायला बसले. घरी सगळे तापाने आडवे. तिकिटं ॲपवर १९ पर्यंत उतरवली, तरी पडून. शेवटी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'आज संध्याकाळची वॉरियर्सची दोन तिकिटं, फुकट. कुणाला हवी?' पहिली वीस मिनिटं सगळे निळ्या टिका करून गप्प. मग एकाने विचारलं, "पार्किंग धरून का?" दुसऱ्याने, "करी आहे का?" तिसरा एका काकूंचा मेसेज: "अगं, उद्या शाळा आहे पोरांना, शनिवारचं असेल तर सांग." एका नागपूरवाल्याने तर फोनच केला, "काऊन गं, फुकटात देऊन ऱ्हायली म्हणजे काही लोचा आहे का?" लोचा काही नव्हता. अरिनाजवळच्या खाजगी पार्किंगमध्ये त्या काळात साठ-साठ डॉलर मागत होते, जाऊन-येऊन तीन-चार तास मोडत होते, आत पोराला पाण्याची बाटली आणि नाचोज घेतले तर वीसची नोट सुटी होऊन यायची. तिकीट शून्य झालं तरी संध्याकाळ शंभराची होती. हे मला तोवर कळलंच नव्हतं. मी तिकिटाचा भाव पाडत राहिले, पण घेणाऱ्याच्या हिशोबात तिकीट हा सगळ्यात मोठा खर्च राहिलाच नव्हता.

कुणी घेतली नाहीत. साडेसात वाजले. मी खोकत सोफ्यावर पडून टीव्हीवर सामना लावला, आणि कॅमेरा वर फिरला की आमचा विभाग दिसतो का ते बघत बसले. एकदा दिसला. दोन खुर्च्या शोधायचा प्रश्नच नव्हता, सगळाच पट्टा राखाडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृत्तपत्रातल्या धावत्या तपशिलात, गुणांच्या तक्त्याखाली छापून आलेलं: प्रेक्षकसंख्या १८,०६४.

मी तो आकडा नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, बरोबर आहे की, आपली दोन त्यात आहेत. एनबीएत जाहीर होणारी प्रेक्षकसंख्या म्हणजे दारातून आत आलेली डोकी नाहीत, वाटली गेलेली तिकिटं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपण स्वतः त्या आकड्यात रिकामी खुर्ची म्हणून बसलेलो असणं वेगळं. संघासाठी त्या खुर्च्या ऑगस्टमध्येच भरल्या होत्या, सगळे पैसे वाजवून घेऊन. त्यांच्या लेखी घर भरलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. लोक विचारतात, अरिना रिकामं असतं तर तिकिटं स्वस्त का करत नाहीत? अहो, रिकाम्या खुर्चीचं नुकसान संघाचं नसतंच, ते आधीच आमच्यासारख्यांना विकून झालेलं असतं. स्वस्त आम्ही करतो, तेही शेवटच्या तासाला, रडत. आणि आम्हाला तरी कुणी सांगितलं होतं सात सामने विकायला घ्यायला? खेळ आवडतो म्हणून तीन घेतले असते तर तीनही भरले असते.

ते एवढं बोलून मी पॅरासिटामॉल घेतली आणि ऑफिसला कळवून झोपले.

फेब्रुवारीत वॉरियर्सनी डिअँजेलो रसेललाही मिनेसोटाला देऊन टाकलं, बदल्यात अँड्र्यू विगिन्स आला. आमच्या शीटला त्याने काही फरक पडला नाही. फरक पडला तो लेकर्समुळे. लेकर्स आले की बे एरियातला, म्हणजे या खाडीभोवतीच्या भागातला, प्रत्येक लॉस एंजेलिसवाला जांभळा-पिवळा शर्ट घालून बाहेर पडतो, त्याला वॉरियर्स हरतायत की जिंकतायत याच्याशी घेणं नसतं. त्यात त्या जानेवारीअखेर लेकर्सचा जुना दिग्गज कोबी ब्रायंट वारला होता. २७ फेब्रुवारीची दोन तिकिटं आम्ही प्रत्येकी १९० ला विकली, दलाली जाऊन १७१. शीटमधली पहिली खरोखरची हिरवी ओळ. नवऱ्याने श्रीखंड आणलं. लेकाने खाल्लं नाही, त्याला लेकर्सचा लेब्रॉन बघायचा होता.

आणि त्या संध्याकाळी बातमी, जांघेच्या दुखण्यामुळे लेब्रॉन जेम्स खेळणार नाही. लेकर्स त्याच्याशिवायही ३० गुणांनी जिंकले, ११६-८६. आम्ही घरी बसून तो बघितला. ज्याने आमची तिकिटं घेतली त्याला फी धरून साडेचारशेच्या आसपास पडली असणार. कदाचित त्याच्याबरोबरही नऊ वर्षांचा कुणी असेल. मला उगाच वाटत राहिलं की त्याचा फोन येईल. ॲपवर नाव नसतं, हे बरं असतं.

मार्चमध्ये ५ तारखेला करी परतला आणि भाव एकदम वर उसळले. आमच्याकडे दोनच सामने उरले होते, १० आणि १२ मार्च. नवरा पुन्हा रोज सकाळी ॲप उघडू लागला. पण तोवर दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं. ऑफिसने घरून काम करा असं सांगितलं, शहराच्या आरोग्य खात्याने मोठी गर्दी टाळा म्हणून बजावलं. १० तारखेला क्लिपर्सविरुद्धचा सामना प्रेक्षकांसह झाला. आमची तिकिटं विकली गेली नाहीत, आणि आम्हीही गेलो नाही.

११ मार्चला सॅन फ्रान्सिस्कोने हजाराहून जास्त लोकांच्या जमावावर बंदी घातली. वॉरियर्सनी जाहीर केलं की १२ तारखेचा नेट्सविरुद्धचा सामना प्रेक्षकांशिवाय होईल, तिकिटांचे पैसे परत मिळतील. त्याच रात्री युटा जॅझच्या रूडी गोबेरचा कोरोनाचा अहवाल पॉझिटिव्ह आला आणि एनबीएने अख्खा हंगामच थांबवला. आमच्या संघाचा हिशोब १५ विजय आणि ५० पराभवांवर तिथेच गोठला. एप्रिलची नागपूरची विमानंही रद्द झाली, लग्न पुढे गेलं.

काही आठवड्यांनी हैदराबादच्या सहकाऱ्याने पैसे पाठवले. जोडून एक ओळ: 'नेट्स, दोन तिकिटं, पूर्ण परतावा.' दलाली नाही, फी नाही. नवऱ्याने शीट उघडली. मोजले २४०, मिळाले २४०, फरक शून्य. शून्य लाल करायचा की हिरवा, यावर तो बराच वेळ थांबला. शेवटी काळाच ठेवला.